परदेशात शिकताना देश पेटला, तर डिग्रीचं काय होतं?

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, नाशिक, पुणे अशा शहरांत हॉटेलच्या हॉलमध्ये ‘परदेशात एमबीबीएस’ची सेमिनार सुरू होतात. माहितीपत्रकात हॉस्टेलच्या खोल्यांचे फोटो असतात, भारतीय जेवणाच्या मेसची हमी असते, सहा वर्षांच्या खर्चाचा तक्ता असतो. पालक फीचे हप्ते विचारतात, थंडीचं विचारतात, मुलींच्या सुरक्षिततेचं विचारतात. त्या देशात दंगल उसळली, संचारबंदी लागली किंवा युद्ध पेटलं, तर अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचं पुढे काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ही शंका आता लांबची राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन, मे २०२४ मध्ये किर्गिझस्तान, त्याच वर्षी जुलैत बांगलादेश आणि जून २०२५ मध्ये इराण. चारही ठिकाणी अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांमध्ये मेडिकलच्या मुलांचा मोठा भरणा होता. पोरं सुखरूप घरी आली की टीव्हीवरची बातमी संपते. घरच्यांची खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते, कारण जीव वाचला तरी डॉक्टर होण्याची वाट मधेच तुटलेली असते. ती का तुटते आणि कशी सांधता येते, हे इथे समजून घेऊ.

## पदवी वेगळी, परवाना वेगळा

परदेशातलं विद्यापीठ पदवी देतं. भारतात रुग्ण तपासायचा, तर लागतो परवाना, आणि तो देण्याचे नियम ठरवतो राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. आधीच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी ही संस्था आली. बाहेर शिकलेल्यांना परवान्याआधी एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव एफएमजीई. ३०० प्रश्न, त्यातले किमान १५० बरोबर यायला हवेत, वर्षातून दोनदा होते. अनेक वेळा पाचातला एखादाच पास होतो, इतकी ती अवघड जाते.

परीक्षा पास झालं की काम झालं, अशी बऱ्याच घरांत समजूत असते. परीक्षेला बसायची पात्रता हाच मुळात मोठा भाग आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी आयोगाने परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम काढले. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजी माध्यमातून व्हायला हवा, त्यावर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि भारतात आल्यावर आणखी १२ महिन्यांची. ज्या देशात शिकलो त्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रताही त्या पदवीतून मिळायला हवी. सगळं मिळून दहा वर्षांत पूर्ण झालं पाहिजे.

यातली सर्वांत कडक अट म्हणजे सगळं शिक्षण, प्रशिक्षण आणि तिथली इंटर्नशिप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच परदेशी संस्थेत व्हायला हवी. काही भाग तिथे, काही भाग दुसऱ्या देशात, उरलेला भारतात, असं चालत नाही. बँकेत एका शाखेत भरलेले पैसे दुसऱ्या शाखेतून काढता येतात, तशी तीन वर्षांची मेडिकलची पढाई दुसऱ्या कॉलेजात ‘काढता’ येत नाही. शांततेच्या काळात ही अट विद्यार्थ्याच्या हिताचीच आहे. एजंट मुलांना एका कॉलेजातून दुसऱ्यात फिरवत राहतात, ते तिच्यामुळे थांबतं. पण देशच अस्थिर झाला की हीच अट गळ्याशी येते.

## अशांतता आठवड्यांची की वर्षांची?

डिग्रीचं काय होणार, हे बहुतांशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. बांगलादेशचं पाहा. सरकारी नोकऱ्यांमधलं स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचं ३० टक्के आरक्षण जून २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पुन्हा लागू केलं आणि विद्यापीठांत आंदोलन पेटलं. जुलैच्या मध्यावर माणसं मरू लागली. १८ जुलैला देशभरात इंटरनेट बंद झालं, १९ तारखेच्या रात्री संचारबंदी लागली. तेव्हा तिथे साधारण ८,५०० भारतीय विद्यार्थी होते. घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज एका टिकवर अडकलेला आणि पोरगी चितगावला की आगरतळ्याच्या वाटेवर हेच कळत नाही, अशी अवस्था. आखाउडा, डाउकी, गेदे, पेट्रापोल अशा नाक्यांवरून जुलैअखेर ६,७०० हून अधिक विद्यार्थी परत आले. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या.

तिथे सरकार कोसळलं, तरी कॉलेजच्या इमारती, रुग्णालयं, प्राध्यापक जागेवर होते. परिस्थिती निवळल्यावर वर्ग सुरू झाले आणि मुलं त्याच कॉलेजात परतू शकली. एक टर्म मागे-पुढे झाली, पण ‘एकच संस्था’ ही अट मोडली नाही.

युक्रेनमध्ये तसं झालं नाही. युद्ध वर्षानुवर्षं चाललं. खारकीव, सुमीसारखी शहरं हल्ल्यांखाली राहिली. विद्यापीठांनी ऑनलाइन तास सुरू केले, पण शवविच्छेदन लॅपटॉपवर शिकता येत नाही आणि पोट तपासायला हात लावावा लागतो. ऑनलाइन झालेल्या काळाची भरपाई प्रत्यक्ष हजर राहून केल्याचं प्रमाणपत्र हवं, असं आयोगाने पुढे स्पष्टच केलं. म्हणजे घरी बसून परीक्षा पास झालेल्या मुलांच्या गुणपत्रिका वेळेत आल्या, तरी परवान्याचं घड्याळ तिथेच थांबलेलं होतं.

## ‘दूतावासाने आधीच सांगितलं होतं ना, मग निघाली का नाहीत?’

युक्रेनमधल्या मुलांना हा टोमणा फार ऐकावा लागला. मला तो अन्यायाचा वाटतो.

कीव्हच्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला पहिली सूचना काढली, ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देशाबाहेर जाण्याचा विचार करावा. २० तारखेला पुन्हा सांगितलं. २२ तारखेची सूचना मुळातून वाचण्यासारखी आहे. तास ऑनलाइन होणार का, हे विचारणारे फोन सतत येत आहेत, तरी विद्यापीठांच्या अधिकृत निर्णयाची वाट न पाहता विद्यार्थ्यांनी सुरक्षिततेसाठी निघावं, असं दूतावासाने त्यात म्हटलं. २४ तारखेला पहाटे रशियाने हल्ला केला.

मुलं थांबली ती हजेरीसाठी. युक्रेनच्या मेडिकल विद्यापीठांत बुडवलेला तास नंतर भरून काढावा लागतो, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. वीस वर्षांच्या मुलासमोर एकीकडे ‘कदाचित युद्ध होईल’ आणि दुसरीकडे ‘गैरहजर राहिलास तर वर्ष नक्की जाईल’ अशी निवड होती. त्यात तिकिटं महागलेली. घरी फोन केला तर बाबा विचारणार, कॉलेज काय म्हणतंय? कॉलेज म्हणत होतं, वर्ग सुरू आहेत.

दूतावास जिवाची काळजी करतो, विद्यापीठ हजेरीची, आयोग नियमांची. तिघांनाही एकदम उत्तरदायी असतो तो एकटा विद्यार्थी. म्हणून कोणत्या टप्प्यावर सगळं सोडून निघायचं, हे घरात आधी ठरलेलं हवं. माझं मत विचाराल तर दूतावासाने ‘निघा’ असा शब्द वापरलेली पहिली सूचना हाच तो टप्पा. वर्ष गेलं तर चालेल, हे आईबापांनी स्वतःच्या तोंडाने, विमानात बसण्याआधी मुलाला सांगितलेलं असावं. ते वाक्य ऐकलेलं नसेल, तर पोरं हजेरी सांभाळत बसतात.

## ‘सरकार विमान पाठवतंच की’

पाठवतं, आणि ते काम खरोखर मोठं होतं. युक्रेनमधून भारतीयांना आणण्याच्या ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेचं पहिलं विमान २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. पुढच्या दोन आठवड्यांत सुमारे ९० विमानं आली, आणि स्वतःहून परतलेले धरून २२,५०० च्या आसपास भारतीय मायदेशी पोचले.

पण विमान आलं ते रोमानियात, हंगेरीत, पोलंडमध्ये, स्लोव्हाकियात. हल्ला होताच युक्रेनचं आकाश नागरी विमानांसाठी बंद झालं होतं. खारकीव तर पूर्वेला, रशियाच्या सीमेजवळ. तिथून पश्चिमेची हद्द हजारभर किलोमीटर. तेवढं अंतर कापायचं काम मुलांचं होतं. १ मार्चला खारकीवमध्ये कर्नाटकचा एक विद्यार्थी गोळाबारात मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाची सूचना आली, की खारकीव ताबडतोब सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाई १२, बेझल्युदिव्का १६. खाली बर्फ, स्टेशनवर गाडीत चढायला धक्काबुक्की, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये जेवढं मावेल तेवढंच सोबत. सुमीमध्ये अडकलेली सहा-सातशे मुलं तर ८ मार्चपर्यंत बाहेर पडू शकली नाहीत. पाण्याची टंचाई झाली तेव्हा त्यांनी बर्फ वितळवून पाणी केलं.

इस्रायलशी संघर्ष पेटल्यावर इराणमधल्या उर्मिया शहरातल्या ११० विद्यार्थ्यांनाही आधी रस्त्याने आर्मेनियात नेलं, तिथून विमानाने १९ जून २०२५ ला दिल्लीत आणलं. म्हणजे सुटकेचा पहिला टप्पा जवळपास नेहमी जमिनीवरचा असतो. प्रवेश घेतानाच नकाशा उघडून बघावा की शहरापासून सर्वांत जवळची दुसऱ्या देशाची हद्द कोणती आणि तिथे भारतीयाला व्हिसाशिवाय आत घेतात का. त्याच देशात चार विद्यापीठांचे पर्याय असतील, तर फीइतकंच वजन याला द्यावं.

## ‘परत आलेल्यांना इथल्याच कॉलेजात का घेतलं नाही?’

हा वाद २०२२ मध्ये संसदेत, रस्त्यावर आणि सर्वोच्च न्यायालयात झाला. पालकांचं म्हणणं साधं होतं. मुलांचा दोष नाही, युद्ध त्यांनी पुकारलेलं नाही, प्रत्येक कॉलेजात चार-चार जागा वाढवल्या तरी सगळी सामावतील.

केंद्राने न्यायालयात सांगितलं, की परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला मधूनच भारतीय कॉलेजात घेण्याची तरतूद कायद्यात नाही. शिवाय यातले बरेच विद्यार्थी नीटमध्ये कमी गुण असल्यामुळे किंवा परवडणारी फी म्हणून बाहेर गेले होते. त्यांना आत घेतलं, तर इथे थोडक्या गुणांनी जागा हुकलेल्या आणि बाहेर न गेलेल्या मुलांवर अन्याय होईल.

मला केंद्राची ही बाजू पटते. दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं नीट देतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास असतात. थोडक्यात हुकलेली ती मुलगीही कुणाची तरी लेक आहे. जे पटत नाही, ते म्हणजे उत्तर यायला लागलेला वेळ. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ‘अ‍ॅकॅडमिक मोबिलिटी’ मान्य केली. म्हणजे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकायचं, पण पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच घ्यायची. तोवर सहा महिने गेले होते. शेवटच्या वर्षांच्या मुलांना कोणत्याही भारतीय कॉलेजात नाव न घालता एमबीबीएसच्या अंतिम परीक्षा देण्याची आणि त्यानंतर दोन वर्षांच्या इंटर्नशिपची वाट तर मार्च २०२३ मध्ये, तीही न्यायालयात, मोकळी झाली. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला वर्षभराची अनिश्चितता नकारापेक्षा जड जाते.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांपैकी काही जण दुसऱ्या देशांत गेले, काहींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काही तर युद्ध चालू असतानाच ल्विव, उझहोरोदसारख्या पश्चिमेकडच्या शहरांत परत गेले. त्यांना वेडं म्हणणं सोपं आहे. ५४ महिने प्रत्यक्ष हजेरी लागते हे कळल्यावर तो निर्णय समजतो.

## कर्ज आणि विमा

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. ग्रामीण महाराष्ट्रात ते म्हणजे घर किंवा शेत. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, पण त्या सवलतीच्या काळातही व्याज चढतच असतं. शिक्षण दोन वर्षं लांबलं तर रक्कम किती होईल, हे बँकेतूनच लिहून घ्यावं. गडबड सुरू झाल्यावर गप्प बसू नये, शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी. हप्ता थकल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलेलं बँक ऐकून घेते.

विम्याबाबत एवढंच, की विद्यार्थी प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत युद्ध आणि दंगलीतलं नुकसान वगळलेलं असतं. पॉलिसी घेताना ‘काय मिळणार नाही’ हा भाग एजंटसमोरच वाचावा.

## ‘तिथल्या आंदोलनाशी आपला काय संबंध?’

संबंध नसला तरी झळ बसते. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये मे २०२४ मध्ये स्थानिक आणि परदेशी तरुणांच्या एका मारामारीचा व्हिडिओ पसरला आणि १७ तारखेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर चालून गेला. भारतीय मुलं त्या मारामारीत नव्हती, पण जमावाला इतका फरक कळत नाही. त्यावेळी विद्यार्थी मारले गेल्याच्या अफवा उठल्या, तिथल्या सरकारने त्या नाकारल्या, पण तोवर इकडे घराघरांत रडारड झाली होती.

तिथल्या तरुणांचं म्हणणं मनापासून पटलं, तरी मोर्चात उतरण्याआधी आपण विद्यार्थी व्हिसावर आहोत हे लक्षात ठेवावं लागतं. अटक झाली तर स्थानिक मुलगा घरी जातो, परदेशी मुलाचा व्हिसा जाऊ शकतो. व्हिडिओ काढणं, पुढे पाठवणं हेही त्यातच आलं. हा भित्रेपणाचा सल्ला वाटेल, पण अठरा-वीस वर्षांच्या लेकराला परक्या देशातल्या कोठडीतून सोडवण्याचे अधिकार दूतावासाकडे फार थोडे असतात. तो वकील मिळवून देऊ शकतो, भेटू शकतो, तिथला कायदा बदलू शकत नाही.

## ‘मग जाऊच नये का?’

तसं मी म्हणणार नाही. इथल्या खासगी कॉलेजांची फी ज्या घराला झेपत नाही आणि ज्या मुलाला खरोखर डॉक्टर व्हायचंय, त्याच्यासाठी ही वाट खरी आहे. शांत वाटणारा देशही अशांत होऊ शकतो, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. इंजिनिअरिंग, व्यवस्थापन अशा शिक्षणात तर धोका बराच कमी, कारण तिथे झालेल्या विषयांचे क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात धरले जाऊ शकतात आणि नोकरीला परवाना लागत नाही.

मेडिकलला जायचं असेल, तर सेमिनारमध्ये हात वर करून विचारावं. इंटर्नशिपचे १२ महिने याच विद्यापीठात होतात का, लेखी द्या. ही पदवी घेऊन त्या देशात डॉक्टरकी करता येते का? आणीबाणीत वर्ग बंद पडले तर गेल्या वेळी विद्यापीठाने काय केलं होतं? मूळ दहावी-बारावीची प्रमाणपत्रं ठेवून घेता का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण युक्रेनमधून आलेल्या अनेकांची मूळ कागदपत्रं विद्यापीठाच्या कपाटात राहिली आणि बदलीचा अर्जच अडला. उत्तर ‘सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.

गेल्यावर दर सत्राची शिक्का मारलेली गुणपत्रिका आणि हजेरीचा दाखला हातात पडेल त्या दिवशी स्कॅन करून घरी पाठवावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करता येते. ती पहिल्याच आठवड्यात करावी आणि खोली किंवा तिथलं सिमकार्ड बदललं की लगेच दुरुस्त करावी, कारण गडबडीत दूतावास त्याच यादीतला नंबर फिरवतो. मुलाचा फोन बंद असेल तर कुणाला विचारायचं, म्हणून दोन मित्रांचे आणि हॉस्टेलच्या वॉर्डनचे नंबर आईच्या फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहिलेले असावेत.